क्रेझीफ्लाय २.१ सोबत दोन वर्षे : स्वायत्त ड्रोनांचा ताळमेळ शिकवणारे यंत्र

क्रेझीफ्लाय २.१ हा ड्रोन तळहातावर मावतो. त्याची लांबी आणि रुंदी प्रत्येकी ९२ मिलिमीटर, उंची २९ मिलिमीटर आणि वजन २७ ग्रॅम आहे. त्याला वेगळा सांगाडा नाही. सर्किट बोर्ड हाच त्याचा सांगाडा. बोर्डाच्या चार बाहूंच्या टोकांना प्लॅस्टिकच्या खोबणीत चार मोटरी बसवायच्या, मधोमध बॅटरी ठेवायची आणि वरखाली निघालेल्या पिनांवर हवे ते सेन्सरचे छोटे बोर्ड, म्हणजे डेक, दाबून बसवायचे, की यंत्र तयार होते. स्वीडनमधील माल्मो शहरातील बिटक्रेझ या कंपनीने तो बनवला आणि पहिला क्रेझीफ्लाय तिने २०१३ साली आणला. गेली दोन वर्षे मी याच यंत्रावर स्वायत्त उड्डाण शिकतो आहे, आधी एका ड्रोनवर, मग दोन आणि आता चार. स्वायत्त ड्रोन प्रोग्रॅम करायला आणि त्यांचा ताळमेळ घालायला शिकण्यासाठी याहून प्रामाणिक शिक्षक मला दुसरा मिळालेला नाही. प्रामाणिक हा शब्द मी विचार करून वापरतो आहे, कारण हे यंत्र शिकणाऱ्याची चूक झाकत नाही आणि ती नेमकी कुठे झाली हे शोधता यावे म्हणून आतले सगळे काही उघडे ठेवते.

सुरुवात केली तेव्हा मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली येत होती, न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्यांची, ओळख होती आणि ड्रोनबद्दल जवळपास काहीच माहिती नव्हती. ड्रोन स्वायत्त करायचा म्हणजे त्याला बुद्धी द्यायची आणि बुद्धी द्यायची म्हणजे नेटवर्क शिकवायचे, इतकी सरळ माझी समजूत होती. ती पहिल्या महिन्यातच मोडीत निघाली. ड्रोनला बुद्धी लागते हे खरे, पण त्याआधी त्याला दोन साध्या प्रश्नांची उत्तरे लागतात: मी आत्ता कुठे आहे, आणि पुढची आज्ञा मला केव्हा मिळणार आहे. या दोन उत्तरांत गफलत झाली, तर वर कितीही हुशार नेटवर्क बसवलेले असले तरी ड्रोन भिंतीवर जातो. अनेक ड्रोनांचा थवा उडवण्याची सगळी विद्याच या दोन प्रश्नांभोवती उभी आहे, आणि हे यंत्र ती हाताला धरून शिकवते.

आत दोन प्रोसेसर आहेत. १६८ मेगाहर्ट्झवर चालणारा एसटीएम३२एफ४०५ हा उड्डाणाचे नियंत्रण करतो, तर एनआरएफ५१८२२ हा रेडिओ आणि वीजपुरवठा सांभाळतो. नियंत्रणाचे मुख्य चक्र सेकंदाला १००० वेळा फिरते. ड्रोनचा कल दुरुस्त करण्याचे काम सेकंदाला ५०० वेळा आणि स्थान दुरुस्त करण्याचे काम १०० वेळा होते. या तीन आकड्यांचा अर्थ कळला की ड्रोनच्या नियंत्रणाचा अर्धा अभ्यास झाला असे मी म्हणेन. चार मोटरींच्या यंत्राला सरळ पुढे जाता येत नाही. पुढे जायचे तर आधी पुढे झुकावे लागते. म्हणून स्थानाचा नियंत्रक वेग मागतो, वेगाचा नियंत्रक कल मागतो, कलाचा नियंत्रक वळण्याचा दर मागतो आणि अगदी आतला नियंत्रक मोटरींना जोर कमी-जास्त करायला सांगतो. जो जितका आत, तो तितका चपळ असावा लागतो. ही सगळी साखळी सी भाषेत लिहिलेली, मुक्त परवान्याची आणि वाचायला खुली आहे. यंत्रात आधीपासून असलेल्या पीआयडी नियंत्रकाऐवजी (आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग पाहून दुरुस्ती करणारा) मेलिंजर आणि कुमार या संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या पद्धतीचा नियंत्रक वापरायचा असेल, तर एक पॅरामीटर बदलला की झाले. मी दोन्ही नियंत्रकांवर एकच मार्ग उडवून पाहिला आणि नोंदलेले आलेख एकमेकांवर ठेवले, तेव्हा वळणावर कोणता नियंत्रक किती मागे पडतो हे जसे समजले, तसे ते नुसत्या वाचनातून कधी समजले नसते.

नोंदींची ही सोय या यंत्राचा फार मोठा गुण आहे. ड्रोन हवेत असताना त्याच्या आतले जवळजवळ कोणतेही चल, म्हणजे अंदाजित स्थान, बॅटरीचा दाब, प्रत्येक मोटरला दिलेला जोर, दर १० मिलिसेकंदांनी संगणकावर पाहता येते. नोंदीच्या एका संचात २६ बाइटच मावतात, त्यामुळे काय पाहायचे आणि काय सोडायचे याचा विचार करावा लागतो. ही अडचण मला शिस्तीची वाटली. पुष्कळ ड्रोनांमध्ये ‘तो असा का वागला’ याचे उत्तर तर्काने शोधावे लागते. इथे ते आलेखात दिसते.

पहिल्या स्वायत्त उड्डाणासाठी क्रेझीफ्लायच्या पोटाशी फ्लो डेक बसवावा. त्यावर दोन सेन्सर आहेत: एक लेझरच्या साह्याने जमिनीपासूनचे अंतर ४ मीटरपर्यंत मोजतो आणि दुसरा, संगणकाच्या माउसप्रमाणे, जमीन खालून किती आणि कोणत्या दिशेने सरकली हे पाहतो. क्रेझीफ्लायच्या पायथन लायब्ररीतील, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातील, ‘मोशन कमांडर’ घेतला, तर तीन-चार ओळींत काम होते. पायथनमधला ‘विथ’ या शब्दाने सुरू होणारा विभाग चालू झाला की ड्रोन आपोआप ३० सेंटिमीटर वर उठतो, आतल्या ओळीप्रमाणे पुढे-मागे जातो आणि विभाग संपताच खाली उतरतो. यातली खुबी अशी की मधल्या एखाद्या ओळीत त्रुटी निघून प्रोग्रॅम कोलमडला, तरी विभागाबाहेर पडताना उतरण्याची आज्ञा दिली जातेच. नवशिक्याच्या प्रोग्रॅममध्ये त्रुटी निघणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि तिने माझी कितीतरी पाती वाचवली आहेत.

त्या पहिल्या संध्याकाळचा प्रसंग सांगतो. फरशी गुळगुळीत, एकरंगी आणि चकचकीत होती. ड्रोन ३० सेंटिमीटर वर उठला, क्षणभर थांबला आणि मग कोणीतरी दोरीने ओढावे तसा हळूहळू डावीकडे सरकू लागला. प्रोग्रॅममध्ये डावीकडे जाण्याची आज्ञा कुठेच नव्हती. मी कोड चार वेळा वाचला, मोटरी तपासल्या, पाती उलटसुलट बसली नाहीत ना हे पाहिले. शेवटी नोंदी उघडल्या, तर ड्रोनच्या मते तो जागचा हललेलाच नव्हता. ज्या जमिनीवर नजर ठरवायला एकही खूण नाही, ती सरकते आहे हे त्या सेन्सरला कळणार कसे? फरशीवर वर्तमानपत्राची पाने पसरली आणि तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ड्रोन एका बातमीच्या मथळ्यावर असा स्थिर राहिला, की खालच्या कागदाची कडा तेवढी पात्यांच्या वाऱ्याने फडफडत होती. कोड तोच, यंत्र तेच, फक्त त्याला पाहण्यासारखे काहीतरी मिळाले होते.

या प्रसंगानंतर मी कालमन फिल्टर मनापासून शिकलो. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेली ही पद्धत क्रेझीफ्लायच्या आत विस्तारित रूपात चालते. ती प्रत्येक सेन्सरचे म्हणणे ऐकते, कोणावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवते आणि त्यातून ‘मी इथे आहे आणि माझी खात्री इतकी आहे’ असा अंदाज काढते. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. अंदाजासोबत येणारी अनिश्चितता नोंदीत पाहता येते आणि ती वाढू लागली तर ड्रोन वेळीच उतरवावा हे प्रोग्रॅममध्येच लिहिता येते. माझ्या प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात आता याच तपासणीने होते: अनिश्चितता पुरेशी खाली आल्याशिवाय उड्डाण नाही.

दुसरा ड्रोन आला आणि खरा अभ्यास सुरू झाला. फ्लो डेकवर उडणारा प्रत्येक ड्रोन जिथून उडाला त्या जागेलाच शून्य मानतो. दोन ड्रोन एकमेकांपासून एक मीटरवर ठेवून दोघांनाही एकाच स्थानी जायला सांगितले, तर ते एक मीटर अंतर राखूनच आपापल्या कल्पनेतल्या त्या स्थानी जाऊन थांबतात आणि दोघांच्याही मते काम चोख झालेले असते. सुरुवातीचे स्थान प्रत्येकाला आधीच कळवले की हा गोंधळ मिटतो, पण तेवढ्यापुरताच. प्रत्येकाची चूक स्वतंत्रपणे साचत जाते आणि दोन-तीन मिनिटांत दोघांच्या नकाशांत वीतभर फरक पडू शकतो. एकट्या ड्रोनला हा फरक चालून जातो. शेजारून दुसरा उडत असेल तर नाही. थव्यासाठी सर्वांना मान्य असलेला एकच नकाशा हवा, हे त्यातून शिकायचे.

असा सामाईक नकाशा देण्याचे दोन मार्ग मी वापरून पाहिले. पहिला अल्ट्रा वाइडबँड रेडिओचा आहे. खोलीच्या कोपऱ्यांत छोटे रेडिओ नांगर (अँकर), म्हणजे जागेवर पक्की बसवलेली रेडिओ यंत्रे, लावायचे आणि ड्रोनने त्यांच्या संकेतांवरून आपले स्थान काढायचे. अचूकता साधारण १० सेंटिमीटरच्या आसपास मिळते. याच्या दोन पद्धतींमधला फरक मला इतका बोधप्रद वाटला की तो मुद्दाम सांगतो. एका पद्धतीत ड्रोन प्रत्येक नांगराला हाक मारतो, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. ही पद्धत एका ड्रोनसाठी उत्तम आहे, पण ड्रोन वाढले की प्रत्येकाला बोलण्यासाठी वेळ वाटून द्यावा लागतो आणि गाडे अडते. दुसऱ्या पद्धतीत नांगर आपसात बोलत राहतात आणि ड्रोन फक्त ऐकतात. दोन नांगरांचे संकेत किती वेळाच्या फरकाने पोहोचले यावरून ते आपले स्थान काढतात. ऐकणाऱ्यांची संख्या कितीही वाढली तरी बोलणाऱ्यांवर भार पडत नाही. चार ड्रोनांवर चालणारी आखणी चाळीस ड्रोनांवर का कोलमडते, याचा विचार करायची सवय मला या एका उदाहरणाने लावली.

दुसरा मार्ग लाइटहाउस डेकचा. आभासी वास्तवाच्या खेळांसाठी बनलेली स्टीमव्हीआरची बेस स्टेशने खोलीभर अवरक्त लेझरचे पट्टे फिरवत असतात आणि डेकवरचे चार संवेदक पट्टा केव्हा अंगावरून गेला हे टिपून स्थान काढतात. इथेही हिशेब ड्रोनच करतो, त्यामुळे संख्येचे बंधन येत नाही. स्थिरता रेडिओच्या मार्गापेक्षा कितीतरी सरस आहे. ड्रोन हवेत खिळ्याला टांगल्यासारखा उभा राहतो. मात्र लेझर अडला की दृष्टी गेली, म्हणून मधे उभे राहणाऱ्या माणसाचीही जागा आधी ठरवावी लागते. मोकळी खोली असेल तर मी लाइटहाउसच निवडेन.

स्थानाचा प्रश्न सुटला की वेळेचा उभा राहतो. प्रत्येक क्रेझीफ्लायला पाच बाइटांचा रेडिओ पत्ता असतो. नव्या यंत्राचा पत्ता ‘ई७’ हा बाइट पाच वेळा असा असतो, त्यामुळे थव्यातल्या प्रत्येकाला वेगळा पत्ता देणे हे पहिले काम. एका रेडिओवरून अनेकांशी बोलायचे तर वेळ वाटला जातो. मी सुरुवातीला चारही ड्रोनांना संगणकावरून क्षणाक्षणाला ‘आता इथे ये, आता तिथे जा’ असे सांगत होतो आणि त्यांच्या हालचालींत धक्के दिसत होते. यावरचा उपाय यंत्रातच आहे. संपूर्ण मार्ग सातव्या घाताच्या बहुपदींच्या तुकड्यांत लिहून ड्रोनच्या स्मृतीत आधीच चढवायचा आणि उड्डाणाच्या वेळी फक्त ‘सुरू’ एवढेच सांगायचे. एका तुकड्यात त्याचा कालावधी आणि तीन दिशा व तोंडाचा कोन यांचे प्रत्येकी आठ गुणक असतात, म्हणजे ३३ आकडे, १३२ बाइट. असे ३१ तुकडे स्मृतीत मावतात. संगणकाने तपशील सांगत बसण्याऐवजी हेतू सांगावा आणि तपशील ड्रोनने सांभाळावा, ही समन्वयातली कळीची गोष्ट मला इथे उमगली. २०१७ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी याच जातीचे ४९ ड्रोन घरात एकत्र उडवले, त्यामागेही बरेचसे काम ड्रोनवरच सोपवण्याचा हाच विचार होता. त्यांची प्रणाली आज रॉस २ या रोबोटांसाठीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या नव्या रूपात कोणालाही वापरता येते, आणि तीनहून अधिक ड्रोन असतील तर मूळ पायथन लायब्ररीपेक्षा तीच वापरावी असा माझा सल्ला आहे.

टक्करही झाली, आणि ती पूर्णपणे माझ्या चुकीने. दोन ड्रोनांनी एकमेकांच्या जागा घ्यायच्या होत्या. मी दोघांना सरळ रेषेत पाठवले आणि ‘एकाची उंची ४० सेंटिमीटरने जास्त ठेवली आहे, म्हणजे झाले’ असे मानले. दोघे मध्यावर आले, वरचा खालच्याच्या बरोबर माथ्यावर पोहोचला आणि खालचा दगड सुटावा तसा फरशीवर आदळला. ते एकमेकांना शिवलेही नव्हते; वरच्याच्या पात्यांनी खाली लोटलेल्या हवेने काम केले होते. म्हणूनच थव्याच्या नियोजनात ड्रोनला चेंडू न मानता उभट अंड्याच्या आकाराचा मानतात: बाजूने जवळ गेले तर चालेल, पण वर-खाली पुष्कळ अंतर हवे. क्रेझीफ्लायच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टक्कर टाळण्याची सोय याच आकारावर बेतलेली आहे. शेजाऱ्यांची स्थाने मिळत असतील तर प्रत्येक ड्रोन आपल्या वाट्याची मोकळी जागा आखून घेतो आणि तिच्याबाहेर जात नाही.

त्याहूनही चांगला उपाय म्हणजे असे प्रसंग मुळात येऊच न देणे. चार ड्रोन आणि चार लक्ष्ये असतील आणि कोणी कुठे जायचे हे ठरलेले नसेल, तर वाटपाचा हा प्रश्न हॅरोल्ड कून यांनी १९५५ साली मांडलेल्या हंगेरियन पद्धतीने चुटकीसरशी सुटतो. अंतरांऐवजी अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवली आणि सुरुवातीच्या व शेवटच्या जागा एकमेकींपासून पुरेशा दूर असल्या, तर सरळ रेषांनी एकाच वेळी निघून एकाच वेळी पोहोचणारे ड्रोन आपोआपच आपटत नाहीत. मी हे आधी कागदावर पडताळले, मग हवेत. चारही ड्रोन चौकोनातून एका ओळीत आले आणि एकाचीही वाट दुसऱ्याने कापली नाही, तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे. इथे बुद्धिमत्ता होती, पण शिकवलेले नेटवर्क कुठेच नव्हते. क्रेग रेनल्ड्स यांचे १९८७ सालचे तीन नियमही असेच आहेत: फार जवळ जाऊ नये, शेजारी ज्या दिशेने जात आहेत त्याच दिशेने जावे, घोळक्याच्या मध्याकडे राहावे. या तीन नियमांतून पाखरांच्या थव्यासारखी हालचाल निघते. खऱ्या ड्रोनांवर मात्र उशिरा पोहोचणारे संदेश आणि चुकलेली स्थाने यांमुळे थवा डोलायला लागतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१८ साली ३० ड्रोनांचा थवा मोकळ्या आकाशात उडवला, तेव्हा अशा नियमांमधले आकडे हाताने न ठरवता सिम्युलेटरमध्ये उत्क्रांतीच्या धर्तीवरील शोधाने ठरवले होते. कृत्रिम बुद्धिमत्ता थव्यात कुठे शोभते, याचे मला पटलेले हे सर्वांत चांगले उदाहरण आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेकविषयी. एआय डेकवर ३२० × ३२० पिक्सेलांचा कृष्णधवल कॅमेरा, आठ गाभ्यांचा समूह असलेला जीएपी८ प्रोसेसर आणि वायफायसाठी ईएसपी३२ आहे, आणि हे सगळे ४.४ ग्रॅममध्ये. त्याची मुख्य स्मृती ५१२ किलोबाइट आहे. मोबाइलवर चालणारे नेटवर्कही तिथे मावत नाही; ते छाटावे लागते, त्याचे आकडे ८ बिटांत आणावे लागतात आणि कोणता थर केव्हा स्मृतीत येईल याचाही विचार करावा लागतो. नवशिक्याने इथून सुरुवात करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन. सी भाषा, क्वांटायझेशन (आकडे असे कमी बिटांत आणणे) आणि समांतर गणन ही तीन ओझी एकदम डोक्यावर येतात. ज्याला ही तीन माहीत आहेत त्याच्यासाठी मात्र हा डेक मोलाचा आहे, कारण काही दशांश वॅटच्या आत चालणारी दृष्टी कशी असते हे त्यावर प्रत्यक्ष पाहता येते.

सोपा मार्ग म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र वायफायवरून संगणकावर आणायचे, तिथे नेटवर्क चालवायचे आणि आज्ञा परत पाठवायची. मी तोच धरला, आणि वेळेच्या प्रश्नाचा सर्वांत कडक धडा तिथेच मिळाला. क्रेझीफ्लायला थेट आज्ञा देत असाल तर अर्धा सेकंद नवी आज्ञा आली नाही की तो स्वतःला समतल करतो आणि २ सेकंद काहीच आले नाही की मोटरी बंद करतो. मालकाचा संपर्क तुटलेला ड्रोन भरकटू नये म्हणून ही तजवीज आहे आणि ती योग्यच आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये चित्र ओळखणारे नेटवर्क आणि आज्ञा पाठवणारे चक्र एकाच धाग्यात होते, म्हणजे एकाचे काम संपेपर्यंत दुसरे थांबून राहत होते. नेटवर्क पहिल्यांदा वापरताना संगणक ते स्मृतीत चढवायला थोडा थांबला. मी पडद्याकडे पाहत होतो. ‘व्यक्ती, ९१ टक्के’ अशी चौकट उमटली आणि त्याच वेळी मागे ड्रोन पडल्याचा आवाज आला. ओळख अचूक होती, पण ती पोहोचेपर्यंत मोटरी बंद झाल्या होत्या. त्यानंतर मी विचार करणारा भाग आणि आज्ञा देणारा भाग कायमचे वेगळे केले: आज्ञा देणारे चक्र सेकंदाला २० वेळा, काही झाले तरी, चालत राहते आणि नेटवर्कचे उत्तर जेव्हा येईल तेव्हा त्यात मिसळते.

प्रबलन अध्ययनासाठी, म्हणजे प्रयत्न आणि बक्षीस यांतून नेटवर्कला शिकवण्यासाठी, टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी बनवलेला जिम-पायबुलेट-ड्रोन्स हा सिम्युलेटर घ्यावा. त्यातला ड्रोन क्रेझीफ्लायच्याच मापाचा आहे. माझे पहिले नेटवर्क सिम्युलेटरमध्ये सुंदर स्थिर राहत होते आणि खऱ्या यंत्रावर सतत थरथरत होते. कारण खऱ्या मोटरीला वेग पकडायला वेळ लागतो आणि बॅटरी उतरत जाईल तसा त्याच आज्ञेचा जोर कमी होत जातो. वजन, मोटरीचा उशीर आणि बॅटरीचा दाब प्रत्येक सरावात थोडा-थोडा बदलत ठेवला तेव्हा थरथर बरीच कमी झाली. झुरिक विद्यापीठाच्या स्विफ्ट या ड्रोनने तीन विजेत्या वैमानिकांविरुद्धच्या २५ शर्यतींपैकी १५ जिंकल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तोही सिम्युलेटरमध्येच शिकला होता, पण खऱ्या उड्डाणांतून टिपलेल्या चुका सिम्युलेटरमध्ये परत घालून. हा धागा मनात ठेवून माझ्या छोट्या प्रयोगाकडे पाहिले, तेव्हा पुढे काय करायचे ते आपोआप सुचले.

हल्ली भाषेच्या मॉडेलकडून कोड लिहून घेण्याची पद्धत रूढ होते आहे आणि मीही ते करतो. एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी स्वतः तपासावी. क्रेझीफ्लायच्या पायथन लायब्ररीत थेट स्थानाची आज्ञा देताना तोंडाचा कोन अंशांत द्यायचा असतो, तर वरच्या पातळीच्या ‘गो टू’ आज्ञेत तो रेडियनमध्ये. हे अधिकृत माहितीत लिहिलेले आहे. मॉडेलने लिहिलेल्या कोडमध्ये ९० हा आकडा अगदी निर्दोष दिसतो, आणि ड्रोन गरगर फिरू लागेपर्यंत संशय येत नाही.

मर्यादांचे म्हणाल, तर सर्वांत मोठी बॅटरीची. मूळ २५० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर उड्डाण सुमारे ७ मिनिटे आणि चार्जिंग सुमारे ४० मिनिटे. डेक चढवले की उड्डाण आणखी आखडते. चार ड्रोनांचा एक प्रयोग फसला की पाऊण तास हात बांधून बसावे लागते. जादा बॅटऱ्या आणि एकाच वेळी अनेक चार्ज करणारा चार्जर यांशिवाय थव्याचे काम पुढे सरकत नाही. शिफारस केलेला भार १५ ग्रॅमचा आहे, त्यामुळे मोठा कॅमेरा किंवा जीपीएसचा विचार सोडून द्यावा. घराबाहेरचा वारा याला सोसत नाही. मोटरी ब्रश असलेल्या आहेत आणि त्या झिजतात. शेताची पाहणी, नकाशे, छायाचित्रण असे काम करायचे असेल तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. तिथे पीएक्स४ किंवा अर्डूपायलट हे उड्डाण-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर चालवणारे मोठे यंत्र घ्यावे आणि आधी त्याच्या सिम्युलेटरमध्ये हात बसवावा. शाळकरी मुलांना केवळ ओळख करून द्यायची असेल तर टेलो हा छोटा ड्रोन बरा. ८० ग्रॅमचा, १३ मिनिटे उडणारा, कॅमेरा अंगचाच असलेला, आणि वायफायवरून आधी ‘कमांड’ आणि मग ‘टेकऑफ’ असे साधे शब्द पाठवले की उडणारा. त्याच्या आतला नियंत्रक मात्र बंद पेटीत आहे, आणि ज्याला ‘का’ हा प्रश्न पडतो त्याची भूक तिथे भागत नाही.

पडण्याबाबत एक गोष्ट या यंत्राच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. माझे ड्रोन शेकडो वेळा पडले आहेत. २७ ग्रॅमच्या वस्तूला पडताना फारसा मार लागत नाही. पाते निघते, कधी मोटरीची खोबण तुटते आणि ती बदलायला पाच मिनिटे लागतात. पडण्याची भीती नसल्यामुळे मी असे प्रयोग केले जे एक किलोच्या ड्रोनवर करायला धजावलो नसतो. तरीही डोळ्यांवर चष्मा लावावा आणि लिथियम पॉलिमरची फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

घ्यायचाच ठरवलात तर आधी एकच ड्रोन, एक फ्लो डेक, एक रेडिओ आणि पाच-सहा बॅटऱ्या घ्या. त्या एका ड्रोनकडे न पाहता, म्हणजे संगणकावर फक्त नोंदी पाहून, तो खोलीत कुठे आहे हे तुम्हाला सांगता येऊ लागले की मग दुसरा घ्या, आणि त्याच वेळी लाइटहाउसचाही विचार करा. माझ्या टेबलावर सध्या चार ड्रोन चार्ज होत आहेत. चौथ्याची पुढची डावी मोटर नोंदींमध्ये बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त जोर मागताना दिसते, म्हणून आजच्या उड्डाणाआधी ती बदलणार आहे.